आवाजाचे पैसे आधी बाजूला काढा

पत्रिकेवर आजचा विषय ‘पहिला चित्रपट : संहितेपासून पडद्यापर्यंत’ असा छापलाय. पडद्यापर्यंत आपण जाऊच, पण सुरुवात मी आवाजापासून करणार आहे. थोड्या पैशांत पहिलाच चित्रपट करायला निघालेली मुलंमुली हमखास मार खातात ती इथेच, आणि तो मार टाळता येतो.

बजेटचा कागद बघा. पहिली ओळ कॅमेऱ्याची, मग लेन्सा, लाइट, जेवण, गाड्या. आवाजापुढे लिहिलेलं असतं, ‘नंतर डब करू.’ याचा मला खरोखर राग येतो. आज साध्या भाड्याचा कॅमेरासुद्धा चित्रपटगृहाच्या पडद्याला पुरेल असं चित्र देतो. चित्र थोडं अंधारं असलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. वाक्य कळलं नाही तर मात्र तो शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाला?’ त्या विचारण्यात पुढचं वाक्यही जातं.

बरं, नंतर डब करणार कोण? दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’तल्या नवख्या मुलाला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, हे या सभागृहात सांगायला नको. नवखा माणूस जागेवर, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सुंदर बोलतो. त्यालाच चार महिन्यांनी बंद खोलीत हेडफोन लावून उभं करा आणि स्वतःच्या ओठांबरोबर बोलायला सांगा. ओठ जुळतील, पण धाप आणि अडखळणं निघून जाईल. त्यात आपल्याकडे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतात. त्यातून मराठीला आलेला हेल स्टुडिओत परत मिळत नाही.

आता सोलापुरातल्या पूर्वभागात, म्हणजे आपल्या मागवाल्या वस्तीत, एका घरात प्रसंग आहे असं धरा. शेजारी यंत्रमाग चालू. कारखान्यात ९० डेसिबलच्या वर आवाज असतो, आणि त्यातली जाड घरघर भिंतीतून, फरशीतून येते. खिडकी लावून ती थांबत नाही. म्हणून जागा ठरवताना चित्रीकरणाच्याच वेळी तिथे जा, हेडफोन लावून दहा मिनिटं उभे राहा, आणि मागाची सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारा. संवादाचं काम त्या दिवशी लावा.

प्रसंग कारखान्यातलाच असेल तर? माग चालू ठेवून लांबचे, बिनसंवादाचे शॉट घ्या. जवळचे शॉट माग बंद करून. चालू मागावर संवाद घेतलात तर संकलनात प्रत्येक कटला खटखटीचा ताल तुटतो आणि कात्री कुठे लागली ते प्रेक्षकाला ऐकू येतं. पण माग बंद झाला की नट आपोआप हळू बोलायला लागतात आणि प्रसंग खोटा होतो. त्यावर उपाय असा : तालीम चालू मागावर करायची, त्याच पट्टीत आवाज चढलेला असतानाच माग बंद करून लगेच टेक घ्यायचा. मागाचा आवाज वेगळा टिपायचा, एकदा धोट्याजवळून, एकदा दारातून, सलग पाच-पाच मिनिटं. मिक्सिंगमध्ये तो संवादाखाली हवा तेवढा ठेवता येतो.

घरातल्या प्रसंगाचा त्रास वेगळा. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर पत्रे. लांब शॉटगन माइक मोकळ्या जागेत उत्तम, पण अशा लहान खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज घेऊन पोकळ वाजतो. तिथे आखूड हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक घ्या. फरशीवर आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर चादरी दुपदरी करून टाका. चादरीच्या गावात चादरीवाचून शूटिंग अडायला नको! मात्र चादर घुमारा कमी करते, बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. फ्रीज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. दुपारी पत्रे तापून कटकट वाजतात, म्हणून तिथले संवाद सकाळी उरका. पंखा बंद करावाच लागतो, आणि मे महिन्यात बंद पंख्याखाली कुणाकडूनही अभिनय होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. फक्त संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात संवाद लावू नका. लाउडस्पीकरवरचं गाणं तुमच्या संवादात शिरलं की त्याच्या हक्कांचाही प्रश्न उभा राहतो.

माणसं दोन लागतात, एक रेकॉर्डिस्ट आणि एक बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरणारा. बूमला हात रिकामा असलेला कुणीही चालत नाही. पुढचं वाक्य कुणाचं हे त्याला पाठ हवं, नाहीतर माइक वळेपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. त्याला संहिता द्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावा. त्याच्या मीटरवर संवाद उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. आणि जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्या. दोन वाक्यांमधली फट भरायला दुसरं काहीच चालत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. छापलेला विषय आता भरभर.

९० पानांची संहिता २० दिवसांत करायची तर रोज साडेचार पानं. पाच ठिकाणी पळापळ करायची असेल तर ते जमत नाही, म्हणून ठिकाणं लिहितानाच कमी करा. सेकंदाला २४ फ्रेमवरच चित्रित करा. २५ वर केलंत तर पडद्यासाठी वेग उतरवताना आवाजही ताणला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १७२.८ अंशांवर, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. कॅमेरा सेकंदाला ४०० मेगाबिटने चित्रण साठवत असेल तर तासाला १८० जीबी होतात. पडद्यावरच्या एका मिनिटासाठी आठ मिनिटं चित्रण धरलं तर ९० मिनिटांसाठी बारा तास, म्हणजे सव्वादोन टीबीच्या आत. त्याच्या तीन प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. प्रती जुळल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. शेळी, बैल, कोंबडी दिसणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीच काढा, कारण पुढे सेन्सॉर तोच कागद मागतं. पात्र बिडी ओढत असेल तर सुरुवातीची आणि मध्यंतरानंतरची आरोग्य सूचना, शिवाय त्या दृश्यावर खाली इशारा. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनी बघायच्या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झालेत. कोणता गट हवा ते संहितेच्या वेळीच ठरवा.

शेवटी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालवायची डिजिटल प्रत. तो हातात आला की लॅपटॉपवर समाधान मानू नका. सकाळच्या खेळाआधी एखाद्या चित्रपटगृहाची वेळ मागून पूर्ण लांबी चालवा. एक माणूस पहिल्या रांगेत, एक शेवटच्या. संवाद मधल्या स्पीकरमधून येतोय का, सबटायटल वेळेवर पडतंय का, हे दोघांनी वेगवेगळं लिहून काढायचं, आणि दुरुस्तीचे पैसे शिल्लक असतानाच हे करायचं.