स्लिंगशॉट या शब्दातली गोफण

स्लिंगशॉट म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे बेचकी येते ना, लाकडाचं वाय आकाराचं बेचकं, दोन रबरी पट्ट्या, मधे कातड्याचा तुकडा, त्यात खडा धरायचा, ताणायचा आणि सोडायचा. बरोबरच आहे, आज त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. पण शब्द फोडून बघा, स्लिंग अधिक शॉट, आणि स्लिंग म्हणजे बेचकी नाहीच मुळी, स्लिंग म्हणजे गोफण! शॉट म्हणजे फेकलेला गोळा किंवा फेक. म्हणजे नाव गोफणीचं आणि वस्तू भलतीच.

या दोघींचं काम करायचं तंत्रच वेगळं आहे हो. गोफणीत ताणायला काहीच नसतं, दोन दोऱ्या आणि मधे खोळ, बस. फिरवताना दोरीमुळे तुमचा हात जणू लांब होतो, दगडाला वेग येतो आणि एक दोरी सोडली की तो त्या क्षणी ज्या दिशेला चाललेला असतो तिकडेच सरळ सुटतो, सोडायला जरा उशीर झाला की नेम गेला म्हणून समजा. बायबलमधल्या डेव्हिडनं गोलियथ या धिप्पाड योद्ध्याला पाडलं ते याच हत्यारानं, बेचकीनं नाही, चित्रात कोणी बेचकी काढली असेल तर ती चूक आहे. आणि याला पोरखेळ समजू नका, इसवी सनपूर्व 401 मध्ये पर्शियातून माघारी निघालेल्या ग्रीक सैन्याबद्दल त्यातल्याच झेनोफन या लेखकानं लिहून ठेवलंय की त्यांच्यातले ऱ्होड्स बेटावरचे गोफणवाले शिशाच्या गोळ्या वापरायचे आणि त्या पर्शियन गोफणीच्या दगडांपेक्षा दुप्पट लांब जायच्या. अशा गोळ्या सापडल्यात, काहींवर अक्षरंही आहेत, एका ग्रीक गोळीवर चक्क ‘झेल’ अशा अर्थाचा शब्द कोरलाय.

मग बेचकी आली कधी? तर रबर धड झाल्यावर. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं, चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून ते तापवायची पद्धत काढली, पेटंट मिळालं 1844 मध्ये. त्यानंतरच भरवशाची लवचिक पट्टी लोकांच्या हातात आली आणि अमेरिकन इंग्रजीत स्लिंगशॉट हा शब्दही 1850 च्या आसपासच दिसायला लागतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, वस्तू नवी होती पण नाव द्यायला लोकांनी जुनी गोफणच उचलली. ब्रिटनमध्ये तिलाच कॅटापल्ट म्हणतात, तो ग्रीक शब्द, तोही मुळात वेढा घालताना वापरायच्या यंत्राचा. आणि आपला गलोल तरी काय, फारसीतून आलेला, तोही आधी गोळ्या मारायच्या धनुष्याला म्हणायचे.

आता याच्या अगदी शेजारचा एक शब्द आहे, स्लंगशॉट, एका स्वराचा फरक. ते म्हणजे दोरीच्या टोकाला गुंडाळलेलं वजन, खलाशी दोर लांब फेकायला वापरायचे, पुढे गुंड लोक डोक्यात घालायला वापरायला लागले. त्यातलं काही सुटून जात नाही, हातातच राहतं. 1858 मध्ये इलिनॉयमधे डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला, हत्यार म्हणून स्लंगशॉट सांगितलं होतं, वकील होता अब्राहम लिंकन. साक्षीदार म्हणाला चंद्रप्रकाशात मी स्वच्छ बघितलं. लिंकननं पंचांग काढून दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता, आणि पोरगा सुटला. ही गोष्ट सांगताना कोणी तिथे स्लिंगशॉट लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की बेचकीनं खून झाला, म्हणून मी या एका अक्षरासाठी भांडतो.

आणि मग अंतराळ. ग्रहाजवळून यान नेऊन त्याचा वेग वाढवतात त्याला ग्रॅव्हिटी स्लिंगशॉट म्हणतात. इथे रबरही नाही दोरीही नाही, पण बघा, गुरुत्वाकर्षण यानाला वळवतं आणि यान नव्या दिशेनं सुटतं, हे बेचकीपेक्षा गोफणीच्याच जास्त जवळ आहे! फक्त वेग कुठून येतो ते नीट समजून घ्या, ग्रहाच्या नजरेनं बघितलं तर यान जेवढ्या वेगानं आलं तेवढ्याच वेगानं जातं, पण ग्रह स्वतः सूर्याभोवती पळतोय, त्याच्या गतीतला कणभर वाटा यानाला मिळतो आणि ग्रह तेवढाच, म्हणजे मोजताही येणार नाही इतका, मंद होतो. 1974 मध्ये मरिनर 10 शुक्राला वळसा घालून बुधाकडे गेलं, व्हॉयेजर 2 तर गुरू, शनी, युरेनस करत 1989 ला नेपच्यूनपाशी पोचलं.

यात फेकच असते असंही नाही बरं का. ग्रहाच्या पुढून गेलं तर उलटं होतं, वेग कमी होतो. पार्कर यानानं शुक्राजवळून सात फेऱ्या मारल्या त्या यासाठीच, आपली कक्षा सूर्याकडे आत आत न्यायला, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम 61 लाख किलोमीटरवर गेलं. हा सगळा ब्रेक मारायचा प्रकार, तरी लोक त्यालाही स्लिंगशॉटच म्हणतात.