आधी वाजवलं, मग शिकला

व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन म्हटलं की लोक लगेच चाइल्ड प्रॉडिजीच्या, म्हणजे लहानपणीच्या अफाट प्रतिभेच्या, गोष्टी काढतात, आणि त्या खऱ्या आहेतच, मीही दोनचार सांगणार आहे, पण मला खरा इंटरेस्ट आहे तो नंतर काय झालं त्यात. मी त्याला एकेरीत म्हणणार, आवडत्या कलावंताला आपण म्हणतोच.

जन्म १९१६ चा, न्यूयॉर्कचा, लहानपण सॅन फ्रान्सिस्कोत. अगदी लहान असताना कोणीतरी पत्र्याचं खेळण्यातलं व्हायोलिन दिलं तर पठ्ठ्याने ते आपटलं, का तर ते गात नाही. मग खरं आलं, आणि पुढे लुई पर्सिंजरसारखा गुरू मिळाला. १९२७ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बीथोवनचा कॉन्चेर्तो, म्हणजे एक वादक पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना. कंडक्टर फ्रिट्झ बुश आधी तयारच नव्हते, एवढ्या पोराला बीथोवन कसा द्यायचा म्हणून, मग ऐकलं आणि गप्प झाले. बोटं इतकी लहान की खुंट्या पिळायला जोर नाही, व्हायोलिन सुरात लावून द्यायला त्याने ते ऑर्केस्ट्रातल्या मुख्य वादकाच्या हातात दिलं आणि परत घेऊन बीथोवन वाजवला! १९२९ मध्ये बर्लिनला कंडक्टर ब्रुनो वॉल्टरबरोबर एकाच संध्याकाळी बाख, बीथोवन आणि ब्राम्स, तीन कॉन्चेर्तो. तेव्हा तेरावं वर्षही पूर्ण नव्हतं झालेलं.

पण या सगळ्याच्या जराशी आधी एक भेट झाली, यूजीन इझाईची, ब्रसेल्समध्ये. इझाई म्हणजे त्या काळातला व्हायोलिनचा भीष्माचार्य. पोराने झोकात लालो या फ्रेंच संगीतकाराची रचना वाजवली, म्हातारा खूश झाला आणि म्हणाला, आता ए मेजरचा आर्पेजिओ वाजव, चार ऑक्टेव्हमध्ये (सप्तकांत). म्हणजे सुट्टे सूर, खालपासून वरपर्यंत, नवशिक्यांकडून घोटून घेतात तसलं काम. आणि तिथे हा अडखळला, बोटं सूर चाचपडायला लागली. इझाई म्हणाले, स्केल (सरगम) आणि आर्पेजिओचा रियाज कर. याने ऐकून घेतलं आणि शिकायला गेला पॅरिसला जॉर्ज एनेस्कूकडे, कारण एनेस्कूने भारून टाकलेलं होतं. एनेस्कू मोठाच संगीतकार, पण हाताची मेकॅनिक्स सोडवून दाखवणारा मास्तर तो नव्हे.

मग काय, सगळं कानावर आणि अंतःप्रेरणेवर चाललं आणि झकास चाललं. १९३२ मध्ये, सोळाव्या वर्षी, खुद्द इंग्रज संगीतकार एल्गार कंडक्ट करतोय आणि हा त्याचाच कॉन्चेर्तो रेकॉर्ड करतोय. म्हाताऱ्याने आधी तालमीत थोडंसं ऐकलं, म्हणाला उत्तम आहे, आणि घोड्यांच्या रेसला निघून गेला.

महायुद्धात सैनिकांसाठी पाचशेच्या वर कार्यक्रम केले, मिळेल त्या जागी, धड झोप नाही, रियाज नाही. मध्येच १९४३ मध्ये आजारी आणि तंगीत असलेल्या हंगेरियन संगीतकार बार्टोकला सोलो सोनाटा, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, लिहायला सांगितला, पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये वाजवला. माझ्या मते ही एक गोष्ट त्याच्या सगळ्या बालपणापेक्षा मोठी. १९४५ च्या जुलैमध्ये बेल्सनच्या नाझी छळछावणीतून सुटलेल्या लोकांसमोर वाजवलं, पियानोवर संगीतकार बेंजामिन ब्रिटन.

आणि याच सुमाराला हात दगा द्यायला लागला. बो (गज) थरथरायचा, सूर कधी लागायचा कधी नाही. जे आपण कसं करतो हेच माहीत नव्हतं ते बिघडल्यावर दुरुस्त कुठून करणार? म्हणून तिशीत, जगप्रसिद्ध असताना, याने मुळापासून सुरुवात केली, खांदा कुठे ताणला जातो, अंगठा का दाबला जातो, श्वास कधी अडतो.

आपला संबंध इथेच येतो. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि मुंबईत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली, तेच आपले पुण्याचे. मेन्युहिन दमलेला, झोपेची बोंब, अय्यंगारांनी झोपवलं तर खरंच गाढ झोपला. पुढे त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं, घड्याळ दिलं, त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन गुरूला' असं कोरलेलं असल्याचं सांगतात. नेमके शब्द सोडा, भाव तोच. अली अकबर खाँना १९५५ मध्ये न्यूयॉर्कला नेलं तेही यानेच. रविशंकरांबरोबर १९६६ ला बाथ फेस्टिव्हलमध्ये वाजवलं, नंतरच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. आपल्या कानाला ते जरा लिहून घेतलेलं वाटतं, आणि होतंही तसंच, उपज, म्हणजे ऐन वेळी सुचेल तसं वाजवणं, अंगाला यायला एक जन्म पुरत नाही, पण पन्नाशीतल्या एवढ्या मोठ्या माणसाने विद्यार्थ्यासारखं बसणं मला भारी वाटतं.

१९६३ मध्ये इंग्लंडमध्ये शाळा काढली, तिथे लहान मुलांना संगीत आणि नेहमीचं शिक्षण एकत्र, व्हायोलिनवादक नायजेल केनेडी तिथलाच. उतारवयात कंडक्टिंगच जास्त केलं, १९९९ च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये गेला.

सफाई हवी तर व्हायोलिनवादक हायफेट्झ ऐका, मी भांडणार नाही. मेन्युहिनचे नंतरच्या काळातले काही सूर खरंच खाली आहेत. पण आता १९३२ चं एल्गार लावतोय, आधी मधली संथ मूव्हमेंट, म्हणजे मधला भाग, ऐकूया, प्रश्न त्यानंतर घेऊ.