रक्तातली गर्दी

पत्रिकेत माझा विषय 'व्यायाम, दाह आणि प्रतिकारशक्ती' असा छापला आहे. त्यातल्या शेवटच्या शब्दाबद्दलची माझी तक्रार आधी ऐकून घ्या. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं आपण सर्रास म्हणतो, जणू ती टाकीतल्या पाण्यासारखी आहे आणि पातळी चढली की काम झालं. पण संधिवातात स्वतःचेच सांधे कुरतडते तीही प्रतिकारशक्तीच. धमन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षं धुमसत राहते (या धुमसण्यालाच दाह म्हणतात), तीही तीच. ती योग्य जागी पोहोचते का आणि काम झाल्यावर शांत होते का, हे मला विचारायचं असतं.

या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो एका रक्ततपासणीमुळे. तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. सकाळी तासभर चांगला दम लागेपर्यंत धावलो, घाम पुसला आणि तसाच रक्त द्यायला गेलो. संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यात पांढऱ्या पेशी १३,२००. चार हजार ते अकरा हजार हे सर्वसाधारण प्रमाण, म्हणजे माझा आकडा ठळक अक्षरांत. डॉक्टरांनी एकच वाक्य म्हटलं, "इन्फेक्शन दिसतंय," आणि पाच दिवसांची अँटिबायोटिक्स लिहून दिली. ताप नाही, खोकला नाही, घसा ठीक. रक्त देण्याआधी काय केलंत, हे मला कोणीही विचारलं नाही. मी गोळ्या घेतल्या नाहीत. दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा रक्त दिलं, तर आकडा ६,४००. (तुम्ही मात्र गोळ्या परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना धावल्याचं सांगा.)

या गोष्टीचा राग मला अजून येतो, कारण ही माहिती नवी नाही. बॉस्टनमध्ये १९०१ साली मॅरेथॉन धावलेल्या चार जणांचं रक्त लॅरबी नावाच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या, एखाद्या आजारात वाढाव्यात तशा. १९०२ साली ते छापूनही आलं. शंभराहून अधिक वर्षं झाली, आणि आजही रक्त घेताना 'व्यायाम करून आलात का?' हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही.

मग या पेशी आल्या कुठून? तासाभरात कारखान्यात नव्या तयार होत नाहीत. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. आपल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात फिरत असतात, बाकीच्या प्लीहा, लसिका ग्रंथी, अस्थिमज्जा अशा ठिकाणी मुक्कामाला. शिवाय कित्येक पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. आपण धावू लागलो की ॲड्रेनलिन वाढतं, रक्ताचा वेग वाढतो आणि या पेशी सुटून प्रवाहात येतात. सर्वांत आधी येतात एनके पेशी, म्हणजे विषाणूग्रस्त आणि बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या. ॲड्रेनलिन पकडणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, त्यांच्या अंगावर पुष्कळ असतात.

व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत उलटं होतं. लिम्फोसाइट मूळ पातळीच्याही खाली जातात. त्यावरून 'उघडी खिडकी' ही कल्पना निघाली: दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तास शरीर जंतूंना मोकळं मिळतं. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी आजारी पडल्याचं सांगितलं, न धावलेल्या धावपटूंपैकी दोन टक्क्यांनी. पण ते लोकांनी स्वतः सांगितलेलं होतं, प्रयोगशाळेत तपासलेलं नव्हतं. गर्दी, प्रवास, अपुरी झोप यांचा हिशेबही त्यात नव्हता. मग रक्तातून गेलेल्या पेशी जातात कुठे? व्यायाम केलेल्या उंदरांच्या टी पेशींना (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) खूण लावून माग काढला, तेव्हा त्या फुप्फुसांत, आतड्यांच्या लसिका-ऊतीत आणि अस्थिमज्जेत सापडल्या. मला हे गस्तीवर गेलेल्या माणसांसारखं वाटतं. चौकी रिकामी दिसली म्हणून माणसं मेली असं कोणी म्हणत नाही.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, आणि दाहाबद्दल तर मी बोललोच नाही. भराभर सांगतो.

इंटरल्यूकिन-६ हा रेणू दाहाचा म्हणून बदनाम. पण २००० साली कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की आकुंचन पावणारा स्नायूच तो रक्तात सोडतो. स्नायूतून आलेल्या या रेणूच्या पाठोपाठ दाह शमवणारे रेणू वाढतात. त्यांचा २००३ सालचा प्रयोग मला फार आवडतो. निरोगी माणसांना जिवाणूंचं थोडंसं विष टोचलं. नुसते बसलेल्यांच्या रक्तात टीएनएफ-अल्फा हा दाहक रेणू चढला. तीन तास सायकल मारणाऱ्यांत तो चढलाच नाही, आणि सायकलऐवजी इंटरल्यूकिन-६ दिलेल्यांतही नाही.

हा झाला एका दिवसाचा परिणाम. रोजच्या सवयीचा वेगळा. ज्यांचा दमसास चांगला, त्यांच्यात विश्रांतीच्या वेळचं सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, सरासरीने कमी असतं. याचं एक मोठं कारण म्हणजे पोटातली चरबी, जिच्यात मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी शिरून दाहक रेणू सोडत राहतात. वयाचंही ऐका: आयुष्यभर सायकल चालवत आलेल्या ५५ ते ७९ वर्षांच्या लोकांच्या थायमस ग्रंथीतून (छातीतली, टी पेशी तयार करणारी ग्रंथी) नव्या टी पेशी बैठ्या समवयस्कांपेक्षा जास्त बाहेर पडत होत्या. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि शेवटचं, २०१९ सालचं. पोट सुटलेल्या लोकांना बारा आठवडे सायकल चालवायला लावली. काहींना सोबत इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवणारं औषध दिलं. दमसास दोन्ही गटांत सुधारला. पोटातली चरबी मात्र ज्यांची वाट मोकळी होती, त्यांचीच उतरली.