दोन ठोक्यांमधली उसंत

श्रोतेहो, हृदय जन्मभर क्षणाचीही उसंत न घेता राबते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला आज त्या उसंतीबद्दलच बोलायचे आहे. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. त्यातला जेमतेम ०.३ सेकंद खालचे दोन कप्पे, म्हणजे निलये, आकुंचन पावतात आणि उरलेला अर्धा सेकंद सैल पडून रक्ताने भरत राहतात. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ‘लब’ आणि ‘डब’ हे झडपा मिटल्याचे आवाज आहेत, आणि ‘डब’नंतर जी किंचित लांब शांतता लागते, ती म्हणजे हा भरण्याचा काळ.

ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीतला पेशींचा एक लहानसा पुंजका आपणहून विजेचे स्पंदन निर्माण करतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन केले. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त त्याचा वेग कमीजास्त करतात.

आता या उसंतीचे खरे महत्त्व पाहा. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या शाखा त्या स्नायूतच शिरलेल्या असतात. डावे निलय आवळले की त्या दाबल्या जातात, आणि ते सैल पडले की मगच त्यांतून भरपूर रक्त वाहते. म्हणजे साऱ्या शरीराला रक्त देणारे हे निलय स्वतः जेवते ते मुख्यतः विश्रांतीच्या वेळी. ठोके वाढतात तेव्हा आकुंचनापेक्षा ही विश्रांतीच जास्त आखडते. तरुण, मोकळ्या धमन्या रुंदावून ती तूट भरून काढतात. आतून चरबीचा थर साचलेल्या धमनीला ते जमत नाही.

माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, “डॉक्टर, दुसरा मजला चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखे होते, कठड्याला धरून दोन मिनिटे उभा राहिलो की जाते. गॅस असावा.” चढताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे गॅसचे समजून त्यांनी चार महिने काढले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेचेही असेच आहे. लहानपणी घसा दुखण्याकडे दुर्लक्ष होऊन हा ताप जडलेली मुलगी पुढे गरोदरपणात धापा टाकू लागते, कारण वाढलेल्या ठोक्यांमुळे अरुंद झडपेतून रक्त उतरायला पुरेसा वेळ उरत नाही आणि ते फुप्फुसांत तुंबते. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्यांचे निलय जाड, ताठर होते; ते आवळते ठीक, पण सैल पडत नाही.

हृदयविकाराचा झटका मात्र वेगळा. धमनीतला थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुरवठा बंद पडतो. मग विश्रांती घेऊनही कळ थांबत नाही. ती जबड्याकडे किंवा हाताकडे जाते, दरदरून घाम फुटतो, आणि मधुमेहींना कधी कधी कळ न येता नुसता दम लागतो. अशा वेळी १०८ला फोन करा आणि रुग्णाला जिना चालत उतरू देऊ नका, कारण पावलागणिक ठोके वाढतील आणि उपाशी स्नायूवरचा भार आणखी वाढेल.