देव माफ करतो. मग ज्याचं नुकसान झालं, त्याचं काय?

आपल्याकडे म्हण आहे : करून करून भागला आणि देवपूजेला लागला. तुरुंगातून सुटलेला कुणी हातात बायबल घेऊन दिसला, की बहुतेकांना हीच म्हण आठवते. ही शंका रास्त आहे, आणि गंमत म्हणजे ती बायबललाही येते. बाप्तिस्मा घ्यायला लोटलेल्या गर्दीला बाप्तिस्मा देणारा योहान सरळ ‘सापाच्या पिल्लांनो’ म्हणतो. पश्चात्ताप झालाय ना? मग त्याला शोभेल असं फळ दाखवा.

तर आजचा प्रश्न : चोरी, फसवणूक, अगदी खून केलेल्या माणसालाही ख्रिस्ती श्रद्धेत तारण, म्हणजे पापातून सुटका, आहे का?

उत्तर ‘हो’ आहे, ते आधीच सांगून टाकतो. पापाचा आकार बघून दार बंद होत नाही. ‘पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप’ तेवढं अक्षम्य म्हटलंय, पण त्याचा चर्चने लावलेला अर्थ साधारण असा : क्षमा नकोच म्हणून शेवटपर्यंत अडून बसणं. म्हणजे ज्याला ‘माझ्या हातून ते पाप झालं असेल का’ अशी धास्ती वाटते, त्याच्या हातून ते झालेलं नसतं.

खरी गुंतागुंत ‘हो’च्या पुढे आहे.

[स्क्रीनवर : लूक 19:1-10]

यरीहो शहर. जक्कय नावाचा मुख्य जकातदार. बुटका म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. हे चित्र रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाने रंगवलेलं असतं. मोठी माणसंही झाडापाशीच थांबतात आणि आकडे वाचतच नाहीत. आपण आकडे वाचू.

जक्कय म्हणतो, माझी निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपटच का?

मोशेच्या नियमशास्त्रात दोन वेगवेगळे दर आहेत. गणना, अध्याय 5 : माणसाने आपणहून गुन्हा कबूल केला, तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा. निर्गम, अध्याय 22 : मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं असेल, तर एका मेंढराला चार मेंढरं. आता समजा जक्कयने एखाद्याचे 10,000 रुपये लुबाडले. तो आपणहून कबूल करतोय, त्यामुळे त्याला 12,000 देऊन सुटता आलं असतं. तो म्हणतो, 40,000 घ्या. म्हणजे कबुली देणाऱ्याची सवलत तो मागत नाही. मेंढरू कापून खाल्लेल्या चोराचा दर तो स्वतःला लावतो.

दुसरी गोष्ट, क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी जातो. हिशेब नंतर निघतो. ‘आधी पैसे परत कर, मग जेवायला येतो’ असं येशू म्हणत नाही. म्हणजे भरपाई ही क्षमेची किंमत नाही. क्षमा फुकट आहे, आणि ती खरोखर पोचली की तिजोरी उघडते. प्रॉटेस्टंट लोक पहिल्या अर्ध्यावर जोर देतात, कॅथलिक दुसऱ्या अर्ध्यावर. भांडण जुनं आहे, पण जक्कयच्या घरात दोन्ही अर्धे एकाच दिवशी घडतात.

आता प्रत्यक्षात काय करतात ते पाहू. कॅथलिक पद्धत आधी घेतो, कारण तिथे पायऱ्या अगदी नेमक्या आहेत. फादरांपुढे पापांची कबुली द्यायची, याला मराठीत प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, गोव्यात कोकणीत कुमसार. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या धर्मसभेने) वर्षातून किमान एकदा तो सक्तीचा केला. लाकडी जाळीच्या एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला माणूस. समोरासमोर बसूनही चालतं.

जाण्याआधी आत्मपरीक्षण. मग मनापासूनचं दुःख, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. मग कबुली, आणि शेवटी फादर सांगतील ते प्रायश्चित्त. कबुलीचा एक नियम फार कमी लोकांना ठाऊक असतो : गंभीर पाप सांगताना प्रकार आणि संख्या, दोन्ही सांगायचं. ‘माझ्या हातून चुका झाल्या’ हे चालत नाही. ‘सोसायटीच्या पैशांतून तीन वेळा रक्कम काढली, खोट्या पावत्या लावल्या’ हे चालतं. खजिनदाराने फसवलं, बायकोने भरीस घातलं, हे सांगायचं नाही. दुसऱ्याची पापं सांगायला तो स्वतः येईल.

मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात यासाठी एक सुरेख शब्दप्रयोग आहे : ‘आपली पापे पदरी घेतली, तर’. पाप मान्य करणं वेगळं आणि पदरी घेणं वेगळं. पदरात घेतलेली वस्तू घेऊन चालावं लागतं.

फादर ऐकलेलं कुणालाही सांगू शकत नाहीत. बिशपला नाही, पोलिसांना नाही. थेट गुप्तताभंग केला तर ते आपोआप बहिष्कृत होतात. त्यामुळे इथे शिक्षेची भीती नसते, आणि नेमकी हीच जागा घसरडी आहे. काहींना वाटतं, जाळीतून बोललो, दोन प्रार्थना म्हटल्या, फाइल बंद. चर्चची स्वतःची शिकवण असं म्हणत नाही. पापमुक्तीच्या शब्दांनी पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरीचा माल परत करायचा, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा स्वच्छ करायचं, इजा केली असेल तर भरपाई द्यायची. संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय : परत करता येत असूनही लुबाडलेलं परत केलं नाही, तर तो पश्चात्ताप नाही, पश्चात्तापाचं सोंग आहे.

परत कसं करायचं, यातही बारकावे आहेत. ज्याचं घेतलं त्यालाच द्यायचं, देणगीपेटीत नाही. घेतलं शेजाऱ्याचं आणि दिलं चर्चच्या छपराला, हा हिशेब लागत नाही. माणूस वारला असेल तर वारसांना. वारस सापडतच नसतील, तर गरिबांना. नाव उघड करायचं नसेल तर फादरांमार्फत रक्कम पोचवण्याची जुनी वाट आहे. आणि खोटं बोलून कुणाची अब्रू घेतली असेल, तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याचसमोर शब्द मागे घ्यायचे. दहा जणांच्या ग्रुपवर चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे आणि माफी खासगी मेसेजमध्ये मागायची, ही भरपाई नव्हे. (हा प्रकार आजकाल फार चालतो.)

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत फादर मध्ये नसतात, कबुली थेट देवापुढे. काही ठिकाणी पाळकाजवळ किंवा विश्वासू माणसाजवळ. आणि बऱ्याच मंडळ्यांत ‘साक्ष’ असते : उभं राहून सांगायचं, मी असा होतो, प्रभूने मला असं बदललं. साक्षीत बळ आहे, मान्य. पण तीत एक खोट शिरते. पाप जितकं भयंकर, तितकी साक्ष रंगते. दारू, मारहाण, तुरुंग यांची वर्णनं वाढत जातात आणि जिला मारलं ती बायको तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसलेली असते. तिची परवानगी कुणी घेतली? ज्या गोष्टीत दुसऱ्याची जखम आहे, ती सांगण्याचा हक्क अर्धा त्या माणसाचा आहे.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे क्षमेची वसुली. ‘देवाने मला माफ केलं, आता तुला काय अडचण आहे?’ हे वाक्य ऐकू आलं की समजा, पश्चात्ताप अजून सुरू व्हायचाय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो : वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. जायचंय ते गुन्हा करणाऱ्याने. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने कधी आणि कितपत दार उघडायचं, हे त्याच्याकडे. मारहाण, लैंगिक अत्याचार अशा प्रकरणांत तर थेट भेटायला जाणं हाच नवा त्रास ठरू शकतो. तिथे मध्यस्थ हवा, आणि ‘भेटायचं नाही’ हे उत्तर निमूटपणे घ्यायला हवं.

आणि विश्वासाची जागा? मंडळीच्या पैशात हात घातलेल्याला क्षमा आहे. कपाटाची किल्ली परत मिळेलच असं नाही. हा सूड नाही, साधं शहाणपण आहे.

आता कायदा. वधस्तंभावरचा चोर सगळ्यांना माहीत असतो. शेवटच्या घटकेला तो येशूला म्हणतो, माझी आठवण ठेवा. उत्तर मिळतं, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ त्याच्यापाशी भरपाईला वेळ नाही, हातही मोकळे नाहीत. म्हणून भरपाई अशक्य असली तरी क्षमा आहे, असं चर्च या प्रसंगावरून शिकवतं. पण त्याच्या बोलण्यातलं दुसरं वाक्य बघा. आपल्याला ही शिक्षा न्यायानेच झालीय, आपण केल्याचं फळ भोगतोय, असं तो सोबतच्या चोराला सांगतो. त्याला कुणी खाली उतरवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात शिपाई येऊन त्याचे पाय मोडतात. सुखलोकाचं वचन मिळाल्यावरही पाय मोडलेच.

आपल्याकडेही तसंच. किरकोळ मारहाणीसारख्या काही गुन्ह्यांत फिर्यादी तडजोड करू शकतो. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 359 मध्ये. खून आणि बलात्कार त्या यादीत नाहीत. तिथे पश्चात्ताप खरा असेल तर तो गुन्हा कबूल करण्यात दिसेल, पळवाट शोधण्यात नाही.

सगळ्यात अवघड जागा येशूच्या यहूदा या शिष्याची. चांदीची तीस नाणी घेऊन त्याने येशूला पकडून दिलं. मग काय केलं? मत्तय 27 नीट वाचा. तो पस्तावला. ‘मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं’ असं याजकांपुढे बोलला. तीसच्या तीस नाणी परत केली. म्हणजे दुःख आहे, कबुली आहे, भरपाईही आहे. आपण आत्तापर्यंत ज्या गोष्टी मोजल्या, त्या सगळ्या आहेत! आणि मग त्याने गळफास घेतला.

येशूला पकडलं त्या रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्याने तीनदा येशूला नाकारलं होतं. निखाऱ्यांच्या शेकोटीपाशी. योहानाच्या 21व्या अध्यायात पुन्हा निखारे दिसतात, तळ्याकाठी, वर मासे भाजताहेत. निखाऱ्यांसाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तिथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? फरक इथे आहे. पेत्र निखाऱ्यांपाशी परत आला. यहूदा गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. अपराध्याला त्या क्षणी कोण भेटतं, यावर किती अवलंबून असतं! तुमच्या ओळखीचं कुणी अपराधाच्या ओझ्याखाली जिवाचं काही करायच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. आधी माणूस, डॉक्टर, समुपदेशक; प्रवचन मागाहून.

शेवटी एक खराखुरा माणूस, कारण त्याची गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. जॉन न्यूटन, इंग्रज, गुलामांच्या जहाजांवरचा. प्रचलित गोष्ट अशी : वादळ आलं, देवाचा धावा केला, गुलामांचा धंदा सोडला, ‘अमेझिंग ग्रेस’ हे भजन लिहिलं. तारखा बघा. वादळ 1748 मधलं. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला आणि त्याने तीन सफरी केल्या. जहाजावर तो रविवारी प्रार्थना घेत असे, आणि त्याच्याच नोंदवहीत कैद्यांचे अंगठे पिळायचे स्क्रू वापरल्याची नोंद आहे. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृती बिघडल्यामुळे. 1764 मध्ये पाळक झाला. भजन 1772 च्या अखेरचं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे पुस्तिका लिहिली 1788 मध्ये. वादळानंतर 40 वर्षांनी.

पण लिहिली तेव्हा प्रकार आणि संख्या, दोन्ही सांगितलं. डेकखालच्या खोल्यांची उंची जेमतेम पाच फूट, त्यातही मध्ये फळी टाकून दोन थर, आणि त्यावर माणसं फडताळातल्या पुस्तकांसारखी एकमेकांना खेटून. आपली ही कबुली कितीही प्रामाणिक असली, तरी झालेलं दुःख टाळायला किंवा भरून काढायला ती फार उशिरा येतेय, हेही त्यानेच लिहिलं. मग संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स 1785 मध्ये सल्ला मागायला आला, तेव्हा राजकारण सोडू नकोस म्हणून त्याला सांगितलं होतं. व्यापारबंदीचा कायदा मार्च 1807 मध्ये झाला. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला.

त्या फळ्यांवर झोपवलेल्यांना यातलं काही मिळालं नाही.

कमेंटमध्ये जक्कयबद्दल नक्की वाद घाला. फक्त त्याआधी लूक 19 च्या शेजारी गणना 5 उघडून ठेवा, आणि आकडे स्वतः मांडून बघा.