मेसच्या बादलीतला गॅस

(दृश्य: रात्र. हॉस्टेलच्या मेसचं मागचं दार. दोन निळे ड्रम.)

रात्री साडेनऊला मेसचं शटर खाली येतं आणि मागच्या दाराने हे दोन ड्रम बाहेर येतात. भात, चपात्यांचे तुकडे, उरलेली आमटी, आणि भेंडी असेल त्या दिवशी तर विचारूच नका, अर्धी भेंडी ड्रममध्येच जाते. सकाळी गाडी येते, ड्रम रिकामे, विषय संपला असं आपल्याला वाटतं.

पण संपत नाही ना. मुंबईचा बराचसा कचरा आता कांजूरला जातो, त्याआधी वर्षानुवर्षं देवनारला जायचा, ते डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळेनाशी झाली की त्यातले जिवाणू मिथेन तयार करायला लागतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली होती ती आठवते का? धूर पार सॅटेलाइटच्या फोटोत दिसला होता, आणि गोवंडी-चेंबूरवाल्यांना तो बघायला सॅटेलाइट लागला नाही. अशा ढिगात आग धुमसत राहते त्यात या मिथेनचा मोठा हात असतो. आग लागली नाही तरी तो हवेत जातोच, आणि हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडला कुठच्या कुठे मागे टाकतो, १०० वर्षांचा हिशोब धरला तर साधारण २८ पट, २० वर्षांचा धरला तर ८० पटीच्या वर.

(दृश्य: बायोगॅसची टाकी, वर घुमट.)

आता हाच कचरा बंद टाकीत टाकला तर? जिवाणू तेच, काम तेच, फक्त गॅस आपल्या हातात. टाकीतून निघतो त्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. एवढ्यावर शेगडी पेटते. पण तो साफ करून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो सिलेंडरमध्ये भरता येतो, गाडीत घालता येतो, आपल्या घरी महानगर गॅसचा जो पाइप येतो तसल्या पाइपातही सोडता येतो. अमेरिकेत याला आरएनजी म्हणतात, म्हणजे रिन्यूएबल नॅचरल गॅस, आपल्याकडे सीबीजी, म्हणजे कम्प्रेस्ड बायोगॅस.

आणि हे काही परवा परदेशातून आलेलं नाही हां. १८९७ मध्ये इथेच, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढायची टाकी होती. नंतर खादी ग्रामोद्योगने तरंगत्या झाकणाचा गोबरगॅस गावोगावी नेला, आणि आपल्या ट्रॉम्ब्यातल्या बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, निसर्गऋण नावाचा बायोगॅस प्लांट काढला, ज्यात खरकटं आधी गरम पाण्याबरोबर मिक्सरमधून काढतात, म्हणजे पचायला सोपं. आजी बाळाला भात मऊ करून भरवते ना, तसंच.

(दृश्य: नकाशा. अमेरिका.)

तिकडच्या युनिव्हर्सिट्यांनी यात मोठी उडी घेतली कारण तिकडे थंडी. आख्खं कॅम्पस गरम ठेवायला बॉयलर, आणि बॉयलरला गॅस. न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीने २००९ मध्ये जवळच्या डम्पिंग ग्राउंडपासून थेट कॅम्पसपर्यंत साधारण २० किलोमीटरची पाइपलाइन टाकली आणि त्या गॅसवर वीज आणि उष्णता दोन्ही सुरू केली. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजने एका गोठ्याशी जमवलं, शेण आणि वाया गेलेलं अन्न यांचा गॅस, २०२१ पासून.

कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची गोष्ट जरा वेगळी. २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल होणार, म्हणजे हिशोबात कार्बनची बेरीज शून्य, आणि त्यासाठी लांब लुईझियाना राज्यातल्या डम्पिंग ग्राउंडचा गॅस विकत घेतला. तो गॅस तिकडेच पाइपात जाणार आणि हिशोब कॅलिफोर्नियाच्या वहीत लिहिणार. ही चीटिंग नाही, पाइपलाइनचा धंदा असाच चालतो, पण मला विचाराल तर खरा प्रश्न हा की यांनी पैसे दिले नसते तर तो मिथेन हवेत गेला असता का? गेला असता तर फायदा खरा. आधीच कोणी पकडून वापरत असेल तर नुसता वहीतला. पुढे २०२३ मध्ये त्यांनी धोरणच बदललं, २०४५ पर्यंत स्वतःचं उत्सर्जन ९० टक्के कमी करायचं ठरवलं.

(दृश्य: मुंबई. मे महिना. भिंतीवर एसींची रांग.)

आपल्याकडे बॉयलर कुठला, आपल्याला घामाच्या धारा. मुंबईतल्या कॉलेजचं मोठं बिल विजेचं, आणि मेसच्या खरकट्यावर आख्ख्या कॅम्पसचे एसी चालणार नाहीत, तसं कोणी पोस्टरवर छापलं तर हसा आणि पुढे चला. १०० किलो ओल्या कचऱ्यातून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे चारेक किलो एलपीजीचं काम. घरगुती सिलेंडर १४.२ किलोचा, म्हणजे रोज एवढा कचरा निघाला तर साडेतीन दिवसांत एक सिलेंडर. मेसला हे कमी नाही. आणि ढिगात जाणारा मिथेन थांबला तो वेगळाच, खरी कमाई तिथे आहे.

सरकारने २०१८ मध्ये सीबीजीसाठी 'सतत' नावाची योजना आणली, आणि शहर गॅस कंपन्यांना आता थोडा सीबीजी मिसळावाच लागतो, २०२५-२६ ला १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे उद्या पाइपातूनच येईल, पण तरी कचरा वेगळा कोणीतरी करायलाच हवा ना.

मी राहायचो त्या हॉस्टेलला असा प्लांट होता. फीत कापली, फोटो झाले, आणि सहा महिन्यांत बंद. मशीन चांगलं होतं, बिघडवलं आम्ही, ड्रममध्ये प्लास्टिकचे चमचे, सॉसची पाकिटं, आणि सरबताच्या दिवशी लिंबाच्या सालींचा डोंगर. टाकी आंबली की गॅस बंद. आपलं पोट बिघडतं तसंच ते.

(दृश्य: मेस. मावशी ड्रमशेजारी.)

दुसऱ्या वर्षी मेसच्या मावशींनी स्वतः दोन बादल्या ठेवल्या आणि शेजारी स्टूल टाकून बसल्या. "ए दादा, चमचा काढ आधी." पोरं कुरकुरली. टाकीत शेणाची स्लरी घालून ती परत चालू केली, दोनेक महिन्यांनी एका सकाळी कोपऱ्यातल्या शेगडीवर निळी ज्योत आली आणि त्यावर त्यांनी पहिला चहा ठेवला, स्वतःसाठी.