कापण्याआधी पकडणं

मंडळी, घरी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायचं मशीन, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, 'कुठला घेऊ?' तो मी लवकर उरकतो, कारण आजचा विषय वेगळा आहे: कापण्याआधी तुकडा आणि हत्यार नीट पकडायचं कसं. म्हैसूर किर्लोस्करचा, हरिहरला बनलेला लेथ जुन्या मशिनांच्या बाजारात अजून दिसतो. 1941 सालचा तो कारखाना, आणि त्यांचं ओतकाम दणकट. पण अशा मशिनाचं वजन टनाच्या घरात जातं, मोटर थ्री फेज असते. खाली जमीन आणि पक्कं काँक्रीट असेल तरच त्याच्या वाटेला जा. घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करून देणारं उपकरण) लावून लहान थ्री फेज मोटर चालते, फक्त ती 230 व्होल्टला डेल्टा (वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) जोडता येणारी आहे का, हे तिच्या पाटीवर आधी वाचून घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी टेबलावर मावणारा मिनी लेथ घ्यावा. लोक त्याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. कट हलका घ्यावा लागतो एवढंच, बाकी शिकायचं ते सगळं त्यावर शिकता येतं.

आता मूळ मुद्दा. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. चरकावर लाकूड फिरतं आणि पटाशी कारागिराच्या हातात असते. धातूलाही पूर्वी असंच हातात हत्यार धरून कापायचे. 1800 च्या आसपास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने हत्यार लोखंडी स्लाइडवर आवळलं, आणि लीड स्क्रू (हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) व गिअर यांच्या जोरावर ते ठरल्या वेगाने सरकवलं. तेव्हापासून चांगले आटे पाडणं हातापेक्षा मशिनावर अवलंबून राहू लागलं. नवशिक्यांचं लक्ष असतं चिप कशी निघते याच्याकडे. ते आधी असायला हवं जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कशाने धरलाय आणि टूल, म्हणजे कापणारं हत्यार, कशाने धरलंय याच्याकडे.

जॉब आवळून फिरवतो तो चक. तीन जबडे एकदम सरकणारा थ्री जॉ चक सोयीचा, पण तो शंभर टक्के सेंटरला धरत नाही. काही शतांश मिलिमीटर रनआउट, म्हणजे फिरताना सेंटरपासून डगमग, चांगल्या चकलाही असतो. म्हणून ज्या दोन व्यासांचं सेंटर एकच हवं, ते एकाच सेटिंगमध्ये करून घ्या. एकदा जॉब काढून परत लावला की ते सेंटर गेलं. चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या फोर जॉला लोक उगाच घाबरतात. डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लावा, चक हाताने फिरवा, समोरासमोरच्या दोन जॉजवर काट्याचा फरक बघा आणि त्याच्या निम्मं सरकवा. मग दुसरी जोडी. आठवडाभर रोज लावलात की हात बसतो, आणि मग चौकोनी, वेडावाकडा, कसलाही तुकडा धरता येतो.

रॉड चकबाहेर व्यासाच्या तिपटीहून जास्त काढायचा असेल तर दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर, म्हणजे टोकदार टेकू, द्या. टूलही ते धरणाऱ्या टूलपोस्टबाहेर जेमतेम काढा. टूलची उंची तपासायला सहा इंची पट्टी पुरते. गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यात ती हलक्या हाताने चिमटीत धरा, अर्थात मशीन बंद असताना. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं टोक सपाट करताना, मधे बारीक गाठ उरते ना, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

स्पीडचा हिशेब सोपा आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल आणि माइल्ड स्टील असेल तर जॉबच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला 25 ते 30 मीटर धरा. 25 मिलिमीटरच्या रॉडला 30 मीटरने साधारण 380 आरपीएम येतात. पार्टिंगला, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, त्याहून खूप कमी, आणि चकच्या अगदी जवळ. पार्टिंगला मशीन ओरडायला लागलं तर आधी काय ढिलं आहे ते शोधा.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, आणि त्यात तडजोड नाही. चक की (चक आवळायची किल्ली) चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, सेकंदभरही नाही. आणि फिरत्या मशिनाजवळ हातमोजे, ओढणी, लांब बाह्या नकोत. चष्मा लावता हे मी गृहीतच धरतो.

मिलिंग मशीन, म्हणजे ज्यात कटर फिरतो आणि जॉब टेबलावर बांधलेला असतो ते, मी वर्षभराने घ्या म्हणतो. लेथवर टूल सलग कापतं. इथे कटरचा एकेक दात जॉबवर आदळतो, त्यामुळे जे ढिलं आहे ते लगेच कळतं, बहुधा कटर मोडून! एंड मिल (मिलिंगचा दांडीसारखा कटर) ड्रिल चकमध्ये लावू नका. तो चक सरळ खाली दाब घ्यायला बनलेला असतो, आडवा झटका बसला की त्याला धरून ठेवणारा निमुळता टेपर सुटतो. ईआर कोलेट (कटर सगळीकडून आवळणारी चिरा पाडलेली नळी) घ्या. मशीन येताच डायलने कटर धरणारं हेड टेबलाला काटकोनात आहे का ते बघा, मग व्हाइसचा फिक्स जॉ टेबलाच्या प्रवासाला समांतर लावा. तुकडा चौकोनी करताना पहिली कापलेली बाजू फिक्स जॉला टेकवा आणि हलत्या जॉकडे मधोमध एक गोल रॉड घाला. म्हणजे हलता जॉ थोडा वाकडा असला तरी जॉब फिक्स जॉलाच बसतो. जो अक्ष सरकवायचा नाही तो लॉक करा. जुन्या मशिनाच्या स्क्रूत बॅकलॅश, म्हणजे आट्यांतला ढिलेपणा, असतो, तेव्हा फीड (जॉब सरकवणं) कटरच्या फिरण्याविरुद्ध द्या. त्याच दिशेने दिलात तर कटर टेबलच आपल्याकडे ओढून घेतो.

इथे कुणीतरी विचारलं, पहिला जॉब काय करू? लहान स्क्रू जॅक, म्हणजे स्क्रूने उंची बदलणारा टेकू, करा. 25 मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलचा रॉड) घ्या. फेसिंग, बाहेरून टर्निंग, मधे 6.8 मिलिमीटरचं ड्रिल आणि आतले आटे पाडायला एम 8 चा टॅप, मग पार्टिंग. वरच्या स्क्रूला नर्लिंग केलेलं, म्हणजे पकडीसाठी खरखरीत केलेलं डोकं. मिलिंग आल्यावर त्या डोक्याला स्पॅनरसाठी दोन सपाट बाजू काढा. एक नको, तीन करा. ओतकामाचा वाकडातिकडा तुकडा टेबलावर बांधायचा असतो तेव्हा खाली तीन टेकू लागतात, आणि विकतचे महाग पडतात.